दुकाने बंद, यातना चालू

२०२५च्या स्वातंत्र्यदिनी पशुवधगृहे आणि मांसविक्री बंद ठेवण्याच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या आदेशावर बोलायचे आता कोणी बाकी राहिलेले नाही. कोणी मटण पार्टी जाहीर केली, कोणी आमच्या ताटात डोकावणारे तुम्ही कोण म्हणून संतापले, तर अशा बंदीचा १९८८चा शासन निर्णय कोणाच्या राजवटीतला यावर दोन्ही बाजू हमरीतुमरीवर आल्या. अशीच बंदी घालणाऱ्या मालेगाव, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांचीही नावे ओघाने आली. खाणाऱ्याचा हक्क, न खाणाऱ्याच्या भावना, विकणाऱ्याचे नुकसान, सगळ्याचा हिशेब झाला. ज्याच्या मानेवर सुरी फिरते त्या जनावराला काय सोसावे लागते, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. याची आम्हाला चीड आहे.

चोवीस तास सुरी थांबवून एकही प्राणी वाचत नाही. पंधरा तारखेचा बोकड चौदाला नाही तर सोळाला कापला जातो. या बंदीचा जनावराच्या दुःखाशी काडीचाही संबंध नाही. तो संबंध जिथे आहे, तो कायदा मात्र धूळ खात पडला आहे. २००१च्या पशुवधगृह नियमांनुसार शहराच्या हद्दीत परवानाधारक कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. एका जनावरासमोर दुसरे कापता येत नाही. गाभण मादी आणि तीन महिन्यांच्या आतले पिल्लू कापायला मनाई आहे. आधी पशुवैद्यकाने तपासायचे, आणि तपासणी उरकून टाकली जाऊ नये म्हणून त्यानेही तासाला १२, दिवसाला ९६हून अधिक जनावरे पाहायची नाहीत. नियम विचारपूर्वक केलेले आहेत. पाळतो कोण?

कुठल्याही बाजारातले चिकनचे दुकान पाहा. टेम्पोतून पाय धरून, उलट्या लटकवत उतरवलेल्या कोंबड्या जाळीच्या पिंजऱ्यात कोंबलेल्या असतात. गिऱ्हाईक आले की आत हात जातो, पंख मागे पिळून एकमेकांत अडकवले जातात, कोंबडी काट्यावर ठेवली जाते. मग मानेवर सुरी फिरते आणि तडफडती कोंबडी प्लॅस्टिकच्या पिंपात टाकली जाते. आतली फडफड थांबायच्या आत पुढच्या गिऱ्हाइकाची कोंबडी काट्यावर आलेली असते. पिंजऱ्यातल्या बाकीच्या हे सारे हातभर अंतरावर बसून पाहत असतात. हे लपूनछपून चालत नाही. भर रस्त्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत चालते.

मान कापली की जनावर तत्काळ बेशुद्ध होते, हा समज चुकीचा आहे. शेळ्या-मेंढ्यांची शुद्ध काही सेकंदांत हरपते. पण मोठ्या जनावरांत मणक्यालगतच्या रक्तवाहिन्या मेंदूला रक्त पुरवत राहतात, त्यामुळे ती त्याहून बराच वेळ, प्रसंगी मिनिटभरही, शुद्धीवर असू शकतात. सुरी बोथट असेल, हात नवखा असेल, तर यातना आणखी लांबतात. म्हणूनच बेल्जियमच्या दोन प्रदेशांनी कापण्याआधी बेशुद्ध करण्याची सक्ती केली, आणि तिने धर्मस्वातंत्र्याचा भंग होत नाही असा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये दिला. आपल्या १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याचे कलम २८ मात्र धर्माला आवश्यक अशा पद्धतीने केलेला वध गुन्हाच मानत नाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो. त्याला हात लावायची कोणाची तयारी नाही. इथे वाद रंगतो तो हलाल की झटका याचा. मार्च २०२५मध्ये झटका मटणासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र आले, तेव्हाही चर्चा झाली ती खाटकाच्या धर्माची. सुरीला धार होती का, बोकड किती तास तहानलेला उभा होता, हे त्या वादात कुठेच नव्हते.

कायद्याची तऱ्हाही तीच. महाराष्ट्रात बैल कापल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण प्राण्याचे हाल केले, तर १९६०च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. तो वाढवण्याचा मसुदा केंद्राने २०२२मध्ये हरकती-सूचनांसाठी मांडला, पुढे तो रेंगाळला. टेम्पोत गाय आहे का हे पाहायला रस्त्यावर जमाव उतरतो, चालकाला मारहाणही होते. त्याच टेम्पोत प्रत्येक जनावराला स्वतंत्र कप्पा आणि शेळी-मेंढीला निदान ०.३ चौरस मीटर जागा असणे २०१६पासून बंधनकारक आहे. ते मोजायला ना जमाव येतो, ना आरटीओ.

दुकानदार सांगतात, पालिकेने सोयच केलेली नाही, आम्ही कापायचे कुठे? त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच दोष आधी पालिकांचा आहे. मांस खावे की खाऊ नये, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. खाणारे खाणारच आहेत, म्हणून तर त्या प्राण्याचे हाल कमी करणे हे सरकारचे काम ठरते. एका आदेशाने शहरभरची दुकाने बंद करता येतात, तर तोच अधिकार वर्षभर वापरायला आयुक्तांना कोणी अडवले आहे? पशुवैद्यक नेमा, कोंबड्यांसाठी वॉर्डागणिक स्वतंत्र वधगृहे बांधा, जनावराला बेशुद्ध करण्याची साधने आणा, खाटकांना प्रशिक्षण द्या. आणि ही सोय झाल्यावरही ज्या दुकानात पिंजऱ्यासमोर मान कापली जाईल, त्याचा परवाना त्याच दिवशी रोखा.