टण्ण ते ठप्प

गेले दोन शनिवार-रविवार अस्मादिक सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्याच गाडीची दारं उघडून (म्हणजे खरोखर उघडून, आतलं पॅडबिड काढून) बसले होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, "काय झालं? काच अडकली का?"

"नाही, आवाज कमी करतोय."

"कसला आवाज?"

"गाडीचा."

"मग दुकानात का नाही देत?"

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून हा लेख.

आमची गाडी ११ वर्षांची हॅचबॅक आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण गाडीवर माझा काही राग नाही. स्वस्त गाडीचा पत्रा पातळ असतो आणि त्याच्या आत लावलेलं सामानही बेताचंच असतं, हे घेतानाच ठाऊक होतं. शहरात काही जाणवत नाही. पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर ८० चा वेग गाठला की सुरू... घूंऽऽऽ. तो रस्ता सिमेंट काँक्रीटचा, आणि काँक्रीटवर टायरचा आवाज डांबरापेक्षा जास्त येतो. आम्ही गाण्यांचा आवाज दोन घरं वाढवायचो आणि पुढे जायचो. सवय झाली होती.

सवय झाली नव्हती ती बाबांच्या कानातल्या यंत्राला.

बाबांनी ३१ वर्षं भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये काढली. दिवसभर पत्र्यावर घाव पडायचे. सुरक्षा म्हणजे काय, तर कानात कापसाचा बोळा. कारखान्याच्या गोंगाटानं आणि वयानं कान जातो तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. भाषेत या पट्टीत कोण बसतं? स, श, त, क, फ ही मंडळी. म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं, पण 'सहा' म्हणाला की 'दहा' ते कळत नाही. त्यात खालच्या पट्टीतली सततची घरघर वरच्या पट्टीतल्या आवाजांना झाकून टाकते. हल्लीची यंत्रं गोंगाट बऱ्यापैकी कमी करतात, पण बोलणारा समोर आहे असं गृहीत धरून. गाडीत बोलणारा असतो शेजारी नाहीतर मागे. मग काय, यंत्रातून घूंऽऽऽ तेवढं ठळक ऐकू येणार.

डोंबिवलीला ताईकडे जाताना उर्से टोलनाका यायच्या आत बाबा यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. मला वाटायचं, त्यांना झोप येते. एकदा खालापूरला थांबलो तेव्हा विचारलं, "बाबा, चहा घेणार की कॉफी?"

"हो हो," बाबा म्हणाले.

तेव्हा ट्यूब पेटली. हा माणूस गेली तीन वर्षं आमच्या गाडीत प्रत्येक प्रश्नाला 'हो हो' म्हणतोय! आणि मी दिवसभर लोकांच्या प्रोग्रॅममधले बग शोधून पगार घेतो... असो.

तर मी ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. चारी दारं, छप्पर, फरशी, डिकी, सगळीकडे तीन थर. ३८ हजार रुपये. "साहेब, लक्झरी गाडी विसराल."

मी विचारलं, "यानं नक्की कुठला आवाज कमी होईल?"

"सगळा."

आता आमच्या धंद्यात असं कोणी बोललं की कान टवकारावे लागतात. प्रोग्रॅम हळू चालतोय म्हणून थेट मोठा सर्व्हर घ्या म्हणणारी जमात मला चांगली परिचयाची आहे. आधी मोजा, वेळ कुठे जातोय ते बघा, मग तेवढंच दुरुस्त करा. गाडीलाही हेच लागू. थोडं वाचन केल्यावर कळलं की आत येणारा आवाज तीन तऱ्हेचा असतो आणि तिघांचं औषध वेगळं आहे.

पहिला, पत्रा स्वतःच थरथरून वाजतो तो. त्यावर औषध म्हणजे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेली ब्युटाइल रबराची शीट. पत्रा हलला की मधलं रबर ताणलं जातं आणि हलण्याची ऊर्जा किंचितशा उष्णतेत संपते. गंमत म्हणजे यासाठी अख्खा पत्रा मढवायची गरजच नसते. झांज वाजत असताना नुसतं बोट टेकवलं तरी आवाज बसतो, झांजेला गोधडीत गुंडाळावं लागत नाही. मधला सपाट भाग थरथरतो, कडा आणि घड्या मुळातच ताठ असतात. त्यामुळे मधला पाव ते एक तृतीयांश भाग झाकला की बहुतेक काम होतं. त्यापुढे पैसे जास्त आणि फरक कमी.

दुसरा, बाहेरून हवेतून येणारा आवाज. त्याला अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट करावं तेव्हा कुठे साधारण ६ डेसिबल कमी होतात, तेही एकही फट न ठेवता. हे महागडं आणि जड प्रकरण. मी त्याच्या वाटेला गेलो नाही.

तिसरा फटींमधला. ११ वर्षांत दारांची रबरं कडक होतात. ती बदलणं सगळ्यात स्वस्त आणि ते कोणी सुचवत नाही, कारण त्यात कोणाचाच फायदा नाही.

मग एका सकाळी बायकोनं गाडी चालवली आणि मी मागच्या सीटवर फोनवरचं आवाज मोजायचं ॲप घेऊन कुत्र्यासारखा इकडेतिकडे कान लावत बसलो. निष्कर्ष: मुख्य गुन्हेगार मागच्या चाकांच्या वरच्या कमानी आणि डिकीतली स्टेपनीची खोलगट जागा. दारं नंतर. छप्पर जवळपास निर्दोष, फक्त पावसात वाजतं.

शनिवारी सीट पाडून डिकी उघडी केली. एवढ्यात बाबा खाली आले. म्हणाले, "काय चाललंय?" सांगितलं. मी बोटानं पत्र्यावर टकटक करून कुठे 'टण्ण' वाजतं ते ऐकत होतो. बाबांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांनी नुसता तळवा पत्र्यावर टेकवला, दुसऱ्या हातानं शेजारी मूठ आपटली आणि म्हणाले, "इथे नको लावूस. इथे घडी आहे. इथे लाव." दर वेळी बरोबर! ३१ वर्षं पत्रा हाताळलेला माणूस. कान गेला, पण तळवा शाबूत होता. मग दोन दिवस ते जागा दाखवत होते, मी शीट कापून रोलरनं दाबत होतो. वाजवलं की 'ठप्प'. त्यांना तो आवाज ऐकू येत नव्हता, पण हाताला कळत होता.

काही व्यावहारिक सूचना. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, नाहीतर शीट सुटते. उन्हाळ्यात करा, शीट मऊ राहते, हीटगन लागत नाही. हातमोजे घाला, ॲल्युमिनियमच्या कडा ब्लेडसारख्या असतात. स्वस्तातली डांबराची शीट घेऊ नका, उन्हात वास मारते. दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा परत नीट लावा. नव्या गाडीत एअरबॅगच्या आसपास हात घालू नका. काही गाड्यांत दाराच्या पोकळीतला दाब मोजणारा सेन्सरही असतो, तेव्हा आधी मॅन्युअल वाचा. आणि दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती बुजवू नका. (हे कसं कळलं? पहिल्या पावसानंतर वळणावर डाव्या दारातून डुबुक डुबुक ऐकू आलं. आवाज कमी करायला गेलो आणि नवाच आवाज बसवून आलो!)

एकूण खर्च रबरांसकट ७ हजारांच्या आत, वजन आठेक किलो वाढलं. ८० च्या वेगाला ॲप आधी ७२ डेसिबल दाखवायचं, आता ६९. फोनवरचं ॲप म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, हे मान्य. ३ डेसिबल म्हणजे ऊर्जा निम्मी, पण कानाला फरक थोडाच वाटतो. शिवाय ॲपही खालच्या पट्टीला कमी मार्क देतं. आकडा दाखवून मी कोणालाच खूश करू शकत नाही. पण ती घूंऽऽऽ गेली, आणि बाबांच्या यंत्राला अडचण तिचीच होती.

म्हणून माझं म्हणणं असं. दुकानात मिळते ती 'शांतता', चौरस फुटावर. ती घेऊन आपण काचा वर करून जगापासून सुटका करून घेतो, आणि मागून येणारी ॲम्ब्युलन्स ऐकू आली नाही तरी आपल्याला त्याचं काही वाटत नाही. मला शांतता नकोच होती, गप्पा हव्या होत्या. गाडीत कोणाला काय ऐकू येत नाहीये, हे आधी विचारा. उत्तर बहुतेक वेळा एका दुपारच्या कामाएवढं असतं. आणि ते काम स्वतः करा, कारण दुकानदाराला घूंऽऽऽ माहीत असते, बाबांचं 'हो हो' माहीत नसतं.

गेल्या रविवारी डोंबिवलीला गेलो. उर्से गेलं, लोणावळा गेलं, घाट उतरलो, यंत्र कानातच. आई मागून ताईच्या सासरबद्दल काहीतरी म्हणाली, तर बाबांनी चक्क तिची चूक काढली. पाच मिनिटं वाद चालला. मी गाणी बंदच ठेवली होती.

खालापूरला चहा घेताना न राहवून विचारलं, "बाबा, पडला ना फरक?"

"पडला," बाबा म्हणाले. "पण डाव्या मागच्या चाकापाशी अजून येतोय. तिथे तू माझं ऐकलं नव्हतंस."

तेव्हा पुढचा शनिवारही पार्किंगमध्येच.