‘सेंटिमेंटल’ : एका शेऱ्याची वंशावळ

मराठी समीक्षेत काही शब्द असे आहेत की ते उच्चारताच पुढील युक्तिवादाची जबाबदारी संपते. ‘सेंटिमेंटल’ हा त्यांपैकी अग्रगण्य होय. एखादी कादंबरी ‘सेंटिमेंटल’ आहे किंवा, अधिक विद्वत्तापूर्ण भाषेत, ‘भावविवश’ आहे असे म्हटले की निकाल लागला. कोणती भावना, कोणत्या प्रसंगाच्या मानाने, कोठे अवाजवी झाली हे सांगण्याची तसदी समीक्षक घेत नाही आणि त्याला ते कोणी विचारीतही नाही. आमचे म्हणणे असे की, ज्या अर्थाने आपण हा शब्द वापरतो त्या अर्थाने तो वाङ्मयीन मूल्यमापनाची संज्ञाच नव्हे. तो एक सामाजिक शेरा आहे, आणि आपण तो त्याच्या इतिहासावाचून, केवळ त्यातील तुच्छतेसह आयात केला आहे.

हा इतिहास थोडा तपशिलाने पाहावयास हवा. इंग्रजीत हे विशेषण अठराव्या शतकाच्या मध्यास रूढ झाले. १७४९ मध्ये लेडी ब्रॅडशे यांनी कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसन यांना पत्राने विचारले होते की, सभ्य समाजात ज्याच्या त्याच्या तोंडी असलेल्या या शब्दाचा नेमका अर्थ तरी काय? ज्या ‘सेंटिमेंट’पासून तो आला त्याचा अर्थ तेव्हा निव्वळ भावना असा नव्हता, विचार, मत, नीतिवचन असाही होता. रिचर्डसन यांनी १७५५ मध्ये आपल्या तीन कादंबऱ्यांतील ‘सेंटिमेंट्स’ निवडून स्वतंत्र पुस्तक काढले, ते बोधवचनांचे. त्यात अश्रू वेचलेले नाहीत. ॲडम स्मिथ यांनी १७५९ मध्ये नीतिशास्त्रावर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याच्या शीर्षकात हाच शब्द अगदी गंभीरपणे आला. लॉरेन्स स्टर्न यांच्या १७६८ च्या प्रवासकथेने या विशेषणाला युरोपभर फिरविले. जर्मन अनुवादकाला त्यासाठी प्रतिशब्द सापडेना, तेव्हा लेसिंग यांनी ‘एम्फिन्टझाम’ हा शब्द सुचविला. धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी मात्र १७७२ मध्ये स्टर्नचे पुस्तक वाचून, हा शब्द इंग्रजीच नव्हे, असे आपल्या रोजनिशीत नोंदविले. थोडक्यात, ज्याला दुसऱ्याचे दुःख कळते आणि त्यावर जो विचारही करतो, असा मनुष्य या शब्दाने सूचित होई.

मग ही स्तुती शिवी कशी झाली? साहित्यातील अश्रूंचा अतिरेक हे एक कारण खरेच; हेन्री मॅकेन्झी यांच्या १७७१ च्या कादंबरीत नायक इतका रडतो की पुढच्या पिढीला त्याचे हसू आले. पण हसू आणि तिरस्कार यांत अंतर आहे. तिरस्कार आला तो फ्रेंच राज्यक्रांतीनंतर. १७९८ मध्ये जेम्स गिलरे यांनी काढलेल्या एका व्यंगचित्रात ‘सेन्सिबिलिटी’ ही देवता रूसोचे पुस्तक हाती घेऊन मेलेल्या पाखरासाठी रडत आहे आणि तिचा पाय राजा सोळाव्या लुईच्या छिन्न मस्तकावर आहे. चित्राचा रोख उघड आहे : कनवाळूपणा म्हणजे राजद्रोहाची पहिली पायरी. कोलरिज यांनी १७९६ मध्ये केलेली टीका दुसऱ्या बाजूने आली होती. कादंबरीतील दुःखाने रडणारी स्त्री गुलामांच्या रक्ताने गोड झालेला चहा पिते, हे त्यांना खुपले होते. ही टीका न्याय्य होती, कारण तिचा आक्षेप भावना कमी पडल्याचा होता, अधिक झाल्याचा नव्हे. पुढील शतकात हा भेद पुसला गेला आणि हा शब्द मुख्यतः स्त्रियांसाठी, स्त्रियांनी लिहिलेल्या व बहुसंख्यांनी वाचलेल्या पुस्तकांसाठी राखून ठेवण्यात आला. अमेरिकेत जेन टॉम्प्किन्स यांनी १९८५ मध्ये हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ च्या गुलामगिरीविरोधी कादंबरीची बाजू घेतली, ती याच वर्गीकरणाविरुद्ध.

आपल्याकडे हा शब्द आला तो या तिसऱ्या अवस्थेत, आणि ‘भावविवश’ या प्रतिशब्दाने ती अवस्था कायमची केली. ‘विवश’ म्हटले की विचाराला जागा उरत नाही. नवसाहित्याच्या काळात एलियट आणि रिचर्ड्स यांना आपण गुरुस्थानी मानले. पण गुरूचे अर्धेच ऐकले. रिचर्ड्स यांच्या १९२९ च्या ग्रंथात या विषयावर जे प्रकरण आहे त्याच्या शीर्षकातच भावविवशतेच्या जोडीला भावनेचा संकोच आहे. हा शब्द बहुधा निव्वळ शिवी म्हणून वापरला जातो, असे ते सांगतात. आणि भावविवशतेची धास्ती हाही विकारच असू शकतो, असेही. हे दुसरे निदान आपल्या समीक्षेने स्वतःला कधी लावून पाहिले आहे काय?

या शेऱ्याचे मराठीतील सर्वांत मोठे लक्ष्य म्हणजे साने गुरुजी. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ला ‘रडवे पुस्तक’ म्हणून बाजूस सारणे ही सुशिक्षित अभिरुचीची खूण ठरली आहे. ऑस्कर वाइल्ड यांच्या मते सेंटिमेंटल माणूस तो, ज्याला भावनेची चैन हवी असते पण तिची किंमत मोजावयाची नसते. ही कसोटी लावून पाहू. गुरुजींनी मे १९४७ मध्ये, अस्पृश्यांना विठ्ठल मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून पंढरपुरास दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले. लेखकाचे चरित्र हा कृतीच्या गुणवत्तेचा पुरावा नव्हे, हे आम्हांस मान्य आहे; परंतु वाइल्ड यांची व्याख्या माणसाविषयी आहे, आणि शेराही माणसावरच मारलेला असतो. तेव्हा उत्तर माणसानेच द्यावे लागते.

कृतीविषयी बोलावयाचे तर, तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामसाठी आई दगडावर ओला पदर पसरते आणि मनालाही असेच जपावयास सांगते, हा प्रसंग पाहावा. येथे भावना एका नीतिविचारापर्यंत जाते. रिचर्डसनच्या काळातील अर्थाने हे पुस्तक सेंटिमेंटल आहेच, आणि तो त्याचा गौरव आहे.

मग या पुस्तकात दोष नाहीत काय? अवश्य आहेत, आणि ते सांगण्यासाठी आपल्याकडे अधिक नेमकी भाषा नऊशे वर्षांपूर्वीच तयार होती. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात रसदोषांमध्ये ‘पुनःपुनः दीप्ती’ हा दोष सांगितला आहे : रस परिपुष्ट झाल्यावरही त्याला पुन्हा पुन्हा चेतवीत राहणे. उदाहरण म्हणून त्याने कोण्या फुटकळ कवीला धरलेले नाही. ‘कुमारसंभवा’तील रतिविलाप दिला आहे. म्हणजे कालिदास! दोष दाखविला गेला, पण कालिदास कनिष्ठ ठरला नाही, रतीचा शोक खोटा ठरला नाही, आणि तो वाचून ज्याचे डोळे भरले त्याची सहृदयताही हिरावली गेली नाही. ‘श्यामची आई’त रात्रीमागून रात्र करुणाला फुंकर घातली जाते, काही रात्री तर प्रसंग संपल्यावरही निवेदक तो संपू देत नाही, असे कोणी म्हणाले तर आम्ही त्याच्याशी पाने उघडून वाद घालू, कदाचित काही ठिकाणी सहमतही होऊ. परंतु कोणत्या रात्री, कोणत्या परिच्छेदापासून, हे त्याला सांगावे लागेल.