पुढील स्टेशन, स्वयंपाकघर

बदलापूरला आमच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहाच्या सुमारास लोकल सुटते. जेवणाच्या टेबलाच्या चारही खुर्च्या एकामागे एक लागतात. सगळ्यात पुढे सोफ्यावरचा लोड उभा केला की मोटरमनची केबिन तयार. मग नात नाकातून सूर काढत पुकारते, "पुढील स्टेशन, अंबरनाथ." त्यामागून उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण. हा क्रम तिला कोणी पाठ करून घेतलेला नाही. मी खिडकीजवळची प्रवासी. गाडी जरा वेगात आली की मोटरमनबाई केबिन वाऱ्यावर सोडून माझ्यापाशी येतात आणि म्हणतात, "जरा सरकून घ्या हो, चौथी सीट आहे." एरवी तिच्या तोंडी 'ए आजी' असतं, गाडीत मात्र अहो-जाहो. शेजारचा मुलगा आला तर भांडण ठरलेलं, कारण तो अंबरनाथहून उलटा बदलापूरला बसून येतो आणि खिडकी अडवतो. या भांडणाचं मर्म इथल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

लेव व्हायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ साली मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिलं होतं. त्याचं म्हणणं असं, की लुटुपुटूच्या खेळात मूल मोकाट सुटत नाही, उलट स्वतःला बांधून घेतं. मोटरमन झालं की सिग्नल पडेपर्यंत थांबावं लागतं, प्रवासी झालं की उतरणाऱ्याला आधी वाट द्यावी लागते. दूध निवेपर्यंत ज्याला दम निघत नाही, ते मूल लाल सिग्नलपुढे शांत बसून राहतं, कारण तो नियम त्या सोंगातच असतो. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला 'स्वतःवर ताबा ठेव' असं सांगून काही उपयोग नसतो. गाडी चालवायला दिली की ताबा आपोआप येतो.

ही लोकल आमच्याच घरात सुटते असं नाही. इथल्या घराघरांत ती सुटत असेल, कारण इथल्या मुलांचे आईबाप खऱ्या लोकलने गेलेले असतात. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर. गाडी वेळेवर धावली तरी एका बाजूला दीड तास, पुढे ऑफिसपर्यंतचं चालणं वेगळं. आई सकाळी निघते तेव्हा मूल झोपलेलं असतं आणि परतते तेव्हा पेंगुळलेलं. मधला दिवस आजीचा, नाहीतर पाळणाघरवाल्या काकूंचा. मग आईबापांच्या मनाला टोचणी लागते आणि त्या टोचणीवर एक बाजार उभा राहतो. मेंदूच्या विकासाचे क्लास, बोलणारी पाटी, इंग्रजी गाणी गाणारं अस्वल. रविवारी दुपारी मुलाला 'ॲक्टिव्हिटी'ला नेतात आणि त्याच दुपारी घरी कामवाल्या मावशी मटार सोलून देतात. आता मटार सोलण्याइतकी चांगली ॲक्टिव्हिटी दुसरी कोणती आहे, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

शेंग बोटांच्या चिमटीत धरायची, शिवणीवर दाबायची, अंगठा आतून फिरवायचा. दाणे इकडे, सालं तिकडे. एका शेंगेत सहा निघाले, दुसरीत चारच, एकीत अळी, म्हणजे पाच मिनिटं अळीसाठी राखीव. मेथी निवडायला बसवलं की पान आणि देठ वेगळं करणं आलं, आणि ती बोटं पुढे पेन्सिल धरणार आहेत. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं हे वर्गीकरण, ताटं मांडताना 'आज कोण कोण जेवायला?' हे गणित. वाटीतलं पाणी तांब्यात ओतताना निम्मं सांडणार, मग फडकं तिच्याच हातात द्यायचं. चपातीचा छोटा गोळा दिला की दहा मिनिटांनी तो काळपट होतो, त्याचा साप होतो, सापाला पिल्लं होतात. तो भाजून ज्याने केला त्याने खायचा, असा आमच्याकडे कायदा आहे.

उल्हासनगरला माझी एक सिंधी मैत्रीण राहते. फाळणीनंतर तिचे सासू-सासरे कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकीत आले, त्याच वस्तीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं. तिच्या घरी पापडाचं पीठ मळलं गेलं की नातवाला लाटी मिळतेच. त्याचा पापड गोल होत नाही, तो कधी सिंध होतो, कधी कासव. ती त्याला दुरुस्त करत नाही. मला ही गोष्ट लाटणं चालवण्याहून अवघड वाटते.

मुलांना घरकामात घ्यायचा विचार नवा नाही. १९०७ च्या जानेवारीत रोममधल्या सान लोरेन्झो या कामकरी वस्तीत मारिया मॉन्टेसरींनी पहिलं बालगृह उघडलं. आईबाप दिवसभर कामावर, मागे मुलं इमारतीच्या भिंती आणि जिने खराब करत. इमारतीच्या व्यवस्थापकांना ती कुठेतरी बसवायची होती, म्हणून एक खोली मिळाली. तिथे बाईंनी मुलांना हात धुणं, बटणं लावणं, टेबल पुसणं, जेवण वाढणं ही कामं दिली आणि लक्ष न लागणारी म्हणून ओळखली जाणारी ती मुलं त्यात गढून गेली.

ते शास्त्र आपल्याकडे आलं तेव्हा त्याबरोबर महागडी साधनंही आली. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. बोर्डी आता ज्यात आहे तो पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, त्याआधी तो सगळा भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. या दोघींनी साधनं आजूबाजूला शोधली. शिंपले, चिंचोके, बिया, गारगोट्या, बांबू, पानं, माती. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा पाड्यावर नेली, कोणाच्या तरी अंगणात मांडली, तीच अंगणवाडी. मुलांच्या अंगाला पाणी लावणं, नखं कापणं, केस विंचरणं, हाच तिथला पहिला धडा. पुढे कोसबादच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलीलाही शिकता यावं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा काढली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांवर सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्या अंगणवाडीत आज सेविकाताईंच्या वाट्याला किती रजिस्टरं येतात, हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पालकांच्या सभेला गेलं की मला हमखास विचारलं जातं, मग वेळापत्रक काय ठेवायचं? तीन-चार वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, त्याला एकामागून एक काय येतं ते कळतं. नळाला पाणी आलं की अंघोळ. अंघोळ झाली की तुळशीला तांब्या. दिवे लागले की आजी देवापाशी. जेवण झालं की गोष्ट, आणि गोष्टीत वाघ आलाच पाहिजे. हे ओळखीचे थांबे असले की मधल्या वेळात मूल बिनघोर खेळतं, कारण पुढे काय येणार ते त्याला ठाऊक असतं. आई रात्री नऊला येत असेल तर तिच्यासाठीही एक थांबा ठेवावा. माझ्या सुनेचा आहे, पाय धुण्याचा. ती मोरीत पाय धुते आणि नात मग धरून पाणी ओतते, दिवसभरात कोण कुठे पडलं ते सांगत. जेमतेम पाच मिनिटं लागतात, फोन बाहेर चार्जिंगला असतो. रविवारच्या अख्ख्या दुपारपेक्षा मला ही पाच मिनिटं मोलाची वाटतात.

बालवाडीत तीन वर्षांच्या मुलाला रेघांच्या वहीत अक्षरं गिरवायला लावतात, त्यावर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. त्या वयात मनगटातली सगळी हाडं पक्की झालेलीसुद्धा नसतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला. तरीही 'अजून लिहायला कसं शिकवलं नाही' असं बालवाडीच्या बाईंना विचारणारे पालकच असतात. अंबरनाथच्या शिवमंदिरात एकदा मुलाला घेऊन जा. इसवी सन १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं ते देऊळ, गाभारा पायऱ्या उतरून खाली. उतरताना मूल पायऱ्या मोजतं, वर येताना पुन्हा मोजतं आणि आकडा जुळला नाही की परत खाली जातं. बाहेर भिंतीवर दगडी हत्ती शोधायचे, ज्याला जास्त सापडले तो जिंकला. इतकी मोठी अंकलिपी कोणत्या दुकानात मिळणार?

घराबाहेरचं मात्र बिकट झालंय. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात लहान मुलींवरच्या अत्याचाराचं जे प्रकरण उघडकीला आलं आणि २० ऑगस्टला लोक ज्या संतापाने रुळांवर उतरले, त्यानंतर कित्येक आया मुलांना एकटं खाली सोडत नाहीत. त्यांना भित्रं म्हणायची माझी हिंमत नाही. उपाय मला एकच दिसतो, मोठ्यांनीही खाली उतरून बसायचं. आम्ही चार-पाच आज्या खुर्च्या घेऊन बसतो. आमचं लक्ष मुलांकडे आणि तोंड एकमेकींकडे.

पण खेळायचं कुठे? खाली पार्किंग, उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक. जूनमध्ये जांभळं खाऊन बिया पुरायच्या म्हटलं तरी माती मिळत नाही. दिवाळीचा किल्ला तर मातीशिवाय होतच नाही. दगड रचून आकार द्यायचा, वर चिखल लिंपायचा, हाळीव पेरून त्याला रोज पाणी घालायचं आणि हिरवळ येईपर्यंत धीर धरायचा. कुठे तळं, कुठे भुयार, मावळे किती आणि तोफ कोणाच्या दिशेने, यावर मुलांच्या बैठका चालतात. गेल्या वर्षी कंपाउंडच्या भिंतीशी मुलांनी किल्ला रचला, तर दुसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस लागली, 'आवारात माती आणू नये.' म्हणून यंदा मी लेखी अर्ज दिलाय. दोन गाड्यांच्या मधली जी तिरकी, कोणाच्याच नावावर नसलेली जागा आहे, तिचे पेव्हर ब्लॉक उचलावेत आणि तिथे दोन ब्रास लाल माती टाकावी. सेक्रेटरींनी अर्ज घेतला. सोसायटीच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो 'ऐनवेळचे विषय' या सदरात आहे, म्हणजे रात्री साडेदहानंतर, निम्मे सभासद उठून गेल्यावर. मी जेवून आणि चहाचा थर्मास घेऊनच जाणार आहे.