चाके मोठी, ब्रेक तेच

म्हापशाच्या बाजारात किंवा पणजी-मडगाव रस्त्यावर अलीकडे एक चमत्कारिक वाहन दृष्टीस पडू लागले आहे. मुळात ती चार माणसांच्या कुटुंबाची साधी क्रॉसओव्हर मोटार; परंतु स्प्रिंगांशी ठोकळे बसवून तिला उंच केलेले असते आणि खाली रानावनात शोभतील असे जाडजूड, खोल खाचांचे टायर चढविलेले असतात. हौसेला मोल नसते हे आम्हांस मान्य आहे. प्रश्न इतकाच, की हे मोल द्यायचे कोणी?

थोडा हिशेब मांडू. २१५/६५ आर १६ हा या वर्गातील नेहमीचा टायर. त्याचा व्यास सुमारे ६८६ मिलिमीटर. त्याजागी २३५/७० आर १६ घातला, की व्यास ७३५ होतो. वाढीचा निम्माच भाग आसाखाली येत असल्याने टायरमुळे गाडीचे पोट वर येते ते जेमतेम २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच! या एका इंचापायी वेगाचा काटा खोटा बोलू लागतो. मूळ काटा अचूक मानला, तर तो ६० दाखवील तेव्हा गाडी ६४ ने धावत असेल. ब्रेक मात्र जुनेच. चाक मोठे झाल्याने पायाच्या त्याच दाबाला रस्त्यावर मिळणारा जोर सुमारे सात टक्क्यांनी घटतो. पुढची चाके फिरविणारे दांडे तिरपे होऊन सांध्यांवरील रबरी आवरणे फाटतात, ते निराळेच. ते नुकसान निदान मालकाचे आहे. उंचावलेल्या बोनेटपुढून रस्ता ओलांडणारे लहान मूल चालकास दिसतच नाही, त्याचे काय? शिवाय चिखलासाठी घडविलेले टायर ओल्या डांबरावर कमी पकड घेतात आणि आमच्याकडे पाऊस वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो.

कुळ्याहून दूधसागरला प्रवासी नेणारे जीपचालक नदीच्या पाण्यातून रोज गाडी काढतात. त्यांची ती गरज आहे आणि वाहनही त्या कामाचे आहे. आमच्या हौशी वीरांना नदी लागते कुठे? मग ते समुद्रकिनाऱ्याकडे वळतात. मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे कासवे अंडी घालतात. चाकाने पडलेल्या चरात अडकलेले पिल्लू पाण्यापर्यंत पोहोचत नाही.

कायदा नाही असे नव्हे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलास मनाई करते; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्ध शब्दांत उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दोषी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पण पाहणार कोण? खासगी मोटारीची नोंदणी एकदा झाली, की पंधरा वर्षे तिच्याखाली डोकावण्याचे कोणास कारण पडत नाही.

वाहतूक खात्याने पहिली भेट हे ठोकळे उघडपणे बसविणाऱ्या गॅरेजांना द्यावी. दुसरे असे, की धुराच्या तपासणीसाठी प्रत्येक मोटार वर्षातून निदान एकदा केंद्रावर उभी राहते. टायरचा मूळ आकार बहुधा चालकाच्या दारापाशी पट्टीवर छापलेला असतो आणि बसविलेल्या टायरचा त्याच्याच अंगावर. हे दोन आकडे ताडून पाहण्यास एक मिनिटही लागत नाही. तसा आदेश खात्याने पावसाळ्यापूर्वी काढावा.