‘गरम तर होणारच!’ पण किती?

पीसी घरी येऊन आज तिसरा दिवस. खोकी अजून कॉटखाली आहेत, कारण ‘वॉरंटीला लागतील’ असं कुणीतरी सांगितलंय. मित्र बघून गेले, आईनं हळद-कुंकू लावलं, काचेच्या दारातून निळे-जांभळे दिवे झगमगतायत. आणि मग तुम्ही गेम चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात ग्राफिक्स कार्डाचं तापमान दाखवणारा तो बारीकसा आकडा लावलात. ८६.

८६ अंश सेल्सिअस! पोटात गोळा येतो राव. कारण हे मशीन सहज आलेलं नसतं. ‘अ‍ॅनिमेशनच्या कोर्सला लागतंच’ असं वर्षभर घरी पटवून, थोडे पैसे स्वतःच्या शिकवण्यांचे, बाकीचे बाबांच्या हप्त्यांवर, असं जुळवून आणलेलं असतं. आता तिसऱ्याच दिवशी ‘काहीतरी गडबड आहे’ हे बाबांना कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून आपण गुपचूप दुकानात फोन करतो. तिकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘अरे, गेमिंग पीसी आहे, गरम तर होणारच!’

या तीन शब्दांशी माझं भांडण आहे. ते खोटे आहेत म्हणून नाही, अर्धे खरे आहेत म्हणून.

आधी खरा अर्धा भाग. ग्राफिक्स कार्ड जेवढी वीज खातं, तेवढी जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅटचं, त्याच्या आधीच्या पिढीतलं ३०६० हे १७० वॅटचं आणि हौसेमौजेचं ४०९० तर ४५० वॅटचं. जुन्या १०० वॅटच्या बल्बला कधी चुकून बोट लागलं असेल, तर हा आकडा काय असतो ते वेगळं सांगायला नको. कंपनीनं स्वतःच ४०६० साठी ९० आणि ३०६० साठी ९३ अंशांची कमाल मर्यादा दिलेली आहे. म्हणजे ८६ ला आग लागत नाही. मर्यादा जवळ आली की चिप आपला वेग आपणच कमी करते, घाटात इंजिन तापलं की ट्रकवाला गाडी हळू घेतो तसं. चिप सहसा जळत नाही, पण मंदावते. आणि पैसे तर आपण वेगाचेच मोजलेले असतात.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. परदेशातले रिव्ह्यूवाले साधारण २१-२२ अंशांच्या खोलीत बसून कार्ड तपासतात. तुम्ही एप्रिलमध्ये जळगावात पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत बसलाय, पंखा गरम हवाच फिरवतोय आणि खोलीतच ३६ आहे. खोली जेवढी तापेल, जवळपास तेवढंच कार्डही वर चढतं. त्यांच्याकडचे ७० म्हणजे तुमच्याकडचे ८४-८५, आणि त्यात कुणाचीच चूक नाही. म्हणून व्हिडिओतला आकडा बघून रडायचं नाही. खोलीचं तापमान वजा करून मग तुलना करायची.

आता उरलेला अर्धा भाग, जो दुकानदार सांगत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये एएमडी कंपनीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स हे ९९९ डॉलरचं कार्ड बाजारात आलं. काही ग्राहकांच्या लक्षात आलं की चिपचं एकूण तापमान बरं दिसतंय, पण तिच्यावरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं, ज्याला हॉटस्पॉट म्हणतात, ते थेट ११० वर जाऊन टेकतंय. पंखे बोंबलतायत, वेग पडतोय. त्यातल्या काहींना सुरुवातीला ‘हे मर्यादेतच आहे’ असं उत्तर मिळालं. म्हणजे तेच, गरम तर होणारच! पण ही मंडळी गप्प बसली नाहीत. आकडे नोंदवत राहिली, एकमेकांशी ताडून बघत राहिली. जर्मनीतल्या ‘डेरबाउअर’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ओव्हरक्लॉकरनं अशी कार्डं मिळवून आडवी-उभी करून तपासली, तेव्हा कार्ड कसं बसवलंय त्यावर तापमान बदलतंय असं दिसलं. दोष चिपमध्ये नव्हता, कूलरमध्ये होता. त्या कूलरमध्ये तांब्याची चपटी, बंद पोकळी असते. आत थोडंसं पाणी. चिपच्या उष्णतेनं त्याची वाफ होते, वाफ थंड बाजूला जाऊन पुन्हा पाणी होते आणि परत येते. काही कार्डांत हे पाणीच पुरेसं भरलं नव्हतं! जानेवारी २०२३ मध्ये कंपनीनं दोष मान्य केला आणि कार्डं बदलून दिली.

घोटभरसुद्धा नसलेल्या पाण्याची ही गोष्ट मला फार आवडते. कारण त्या ग्राहकांनी आवाज चढवला म्हणून काम झालं नाही, त्यांच्याकडे आकडे होते म्हणून झालं.

माझ्या पहिल्या पीसीच्या वेळी माझ्याकडे आकडे नव्हते. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून घेतला, ग्रँट रोड स्टेशनवरून स्लो लोकलनं मांडीवर धरून आणला. दुकानाचं नाव घेत नाही. कार्ड ८७ च्या खाली यायलाच तयार नव्हतं. तीन वेळा फोन, तीनदा तेच उत्तर. महिनाभर मी मे महिन्याला शिव्या घातल्या. शेवटी एका मित्रानं सांगितलं, कॅबिनेटच्या पुढच्या जाळीपाशी उदबत्ती धर आणि धूर कुठे जातो ते बघ. बघितलं. धूर आत जायच्याऐवजी माझ्या तोंडावर येत होता. पुढचा पंखा उलटा बसवला होता! पुढचा आणि मागचा, दोन्ही हवा बाहेरच फेकत होते आणि कार्ड बिचारं आत गुदमरत होतं. आजी दारातून म्हणाली, ‘अरे, चालेना म्हणून आरती करतोयस का त्याची?’ चार स्क्रू, दहा मिनिटं. त्याच गेममध्ये आकडा ७४ वर आला.

तर तुमच्यासाठी. मशीन नवीन असतानाच, पहिल्या दोन-तीन दिवसांत हे करून टाका. ऑनलाइन घेतलं असेल तर बदलून देण्याची मुदत अनेकदा जेमतेम आठवडा-दहा दिवसांची असते, त्यामुळे ‘बघू नंतर’ नको. एचडब्ल्यू-इन्फो किंवा जीपीयू-झेड यापैकी काहीही उतरवून घ्या, दोन्ही फुकट आहेत. तेही नको असेल तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतंच. नेहमीचाच एखादा जड गेम अर्धा तास चालवा आणि चार गोष्टी वहीत लिहा: खोलीचं तापमान, चिपचं तापमान, हॉटस्पॉट आणि पंख्याचा वेग. काहीच चालू नसताना कार्डाचे पंखे थांबलेले दिसले तर दचकू नका, हल्लीची बरीच कार्डं तशीच बनवलेली असतात. एनव्हिडियाच्या ५० च्या मालिकेत हॉटस्पॉट सहसा दिसत नाही, तिथे तो रकाना सोडून द्या.

मग पीसी बंद करा, कॅबिनेटचं बाजूचं दार काढून ठेवा आणि तोच गेम पुन्हा तेवढाच वेळ चालवा. (हात आत घालायचा नाही, आणि घरातलं मांजर दुसऱ्या खोलीत.) तापमान आठ-दहा अंशांनी खाली आलं, तर कार्ड ठीक आहे, हवा अडतेय. पंख्यांची दिशा बघा, पुढची जाळी बघा. पीसी टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा भिंतीला चिकटवून ठेवला असेल तर बाहेर काढा. आपल्याकडे फर्निचरवाल्याकडून कॉम्प्युटर टेबल करून घेतात, त्यात सीपीयूसाठी म्हणून एक मस्त पेटी असते, मागून बंद. ती पेटी म्हणजे भट्टी. पुढून पूर्ण काच असलेल्या देखण्या कॅबिनेटचंही बऱ्याचदा तेच. दिवे दिसतात छान, पण हवा यायची कुठून?

दार काढूनही फरक पडला नाही, किंवा चिप आणि हॉटस्पॉट यांच्यात तीस-चाळीस अंशांची दरी दिसली, तर मात्र संशय कूलरवर. चिप आणि कूलर यांच्यामधली पेस्ट नीट पसरलेली नसेल, कूलर नीट टेकलेला नसेल. यूट्यूब बघून स्वतः उघडायचा मोह होईल. नवीन कार्ड उघडू नका. स्क्रूवरचं सील फाटलं की वॉरंटीवरून वाद घालायला समोरच्याला आयतं कारण मिळतं. तुमची वही घ्या, स्क्रीनचे फोटो घ्या आणि दुकानात जा.

फ्रेमचा वेगही बघून ठेवा. मॉनिटर ७५ हर्ट्झचा आणि गेम २०० फ्रेम काढतोय, तर वरच्या सव्वाशे फ्रेम फक्त खोली तापवायला आहेत. सेटिंगमध्ये मर्यादा घातली की काही न गमावता आकडा उतरतो. बास, एवढंच.

दुकानात काय होतं, हे मात्र मला जास्त खुपतं. माझी एक मैत्रीण आर्किटेक्चरला आहे, रेंडरिंगसाठी तिनं पीसी घेतला. तापमानाची तक्रार घेऊन गेली तर काउंटरवरचा म्हणाला, ‘भावाला घेऊन ये, त्याला समजावून सांगतो.’ तिनं वही उघडून काउंटरवर ठेवली. दार लावून ८८, दार काढून ८७, हॉटस्पॉट १०६. त्यानंतर भावाचा विषय निघाला नाही, कार्ड सर्व्हिस सेंटरला गेलं.

पण हे तिनं का करावं? गाडी घेताना शोरूमवाला चालवून दाखवतो. किराणावाला काटा आपल्याकडे वळवतो. लाखभर रुपयांचा पीसी देताना मात्र ‘ऑन होतोय बघा’ एवढ्यावर डिलिव्हरी संपते. माझी मागणी साधी आहे. असेंबल करून देणाऱ्या प्रत्येक दुकानानं अर्धा तास लोडवर चालवून बघावं आणि आलेलं तापमान खोलीच्या तापमानासह बिलावर लिहून द्यावं. याला ना वेगळं मशीन लागतं ना खर्च. पैसे देण्याआधी तुम्ही हे मागा. ‘वेळ नाही’ म्हणाले, तर थांबायची तयारी दाखवा, चहा प्या, पण आकडा बघूनच निघा.

आणि दाद मिळालीच नाही तर? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पुढे जायचं झालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी फी नाही आणि वकील लावणं सक्तीचं नाही. पण त्यासाठी पक्कं बिल हवं. ‘जीएसटीशिवाय घेतलंस तर तीन हजार कमी करतो’ याला भुललात, तर ते तीन हजार पुढे फार महाग पडतात.

बाबांना सांगायचं राहिलंय ना? वही दाखवा. ‘बिघडलंय’ म्हणू नका, ‘मोजलंय’ म्हणा. हप्ते भरणाऱ्या माणसाला आकडे कळतात.

आणि हो, बिल त्या गुळगुळीत थर्मल कागदावर छापलेलं असेल तर आजच त्याचा फोटो काढून ठेवा. तो कागद गरमीनं काळा पडतो आणि नुसता ठेवला तरी काही महिन्यांत अक्षरं उडतात. पीसीच्या वर तर मुळीच ठेवू नका.