वजनाची किंमत तीनदा मोजावी लागते

१/ नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी पीथमपूरच्या ‘बाहा’ स्पर्धेसाठी स्वतः गाडी घडवतात. २००७ पासून भरणाऱ्या या स्पर्धेच्या पेट्रोल गटात वर्षानुवर्षे सर्व संघांना १० अश्वशक्तीचे एकसारखेच इंजिन वापरावे लागले. ताकद वाढवण्याची वाट बंद. उरतो तो प्रश्न वजनाचा. हा प्रश्न दुय्यम मानणाऱ्यांनी १९५८ सालाकडे पाहावे.

२/ १९ जानेवारी १९५८, ब्यूनस आयर्स. बलाढ्य फेरारींसमोर स्टर्लिंग मॉसची चिमुकली कूपर उभी होती. इंजिन दोन लिटरहूनही लहान, चालकाच्या पाठीमागे बसवलेले. फेरारीची ताकद सुमारे शंभर अश्वशक्तीने अधिक. कूपरची चाके बदलणे वेळखाऊ होते, म्हणून ती थांबली की हरली, असे प्रतिस्पर्ध्यांनी गृहीत धरले. मॉस थांबलाच नाही. हलक्या गाडीने टायर जपले आणि ८० फेऱ्यांअखेर तो २.७ सेकंदांनी जिंकला.

३/ यामागे चमत्कार नाही. इंजिनाची ताकद मुख्यतः वेग वाढवताना उपयोगी पडते. वजनाची किंमत मात्र वेग घेताना, ब्रेक लावताना आणि वळण घेताना अशी तीनदा मोजावी लागते. टायरची झीज वेगळीच.

४/ म्हणून हलकी गाडी सदैव श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. त्याच वर्षी जुलैमध्ये रीम्सच्या लांबलचक सरळ रस्त्यांवर माइक हॉथॉर्नची फेरारीच जिंकली. जिथे वळणे कमी, तिथे अश्वशक्तीचे राज्य. निवाडा अखेर रस्त्याची आखणीच करते.

५/ हलकेपणाची दुसरीही बाजू आहे. जून १९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा येथे सरावादरम्यान मॉसच्या हलक्या लोटस गाडीचे मागचे चाक निखळले आणि त्याचे दोन्ही पाय मोडले. अनावश्यक भार काढणे ही बुद्धिमत्ता. आवश्यक बळकटी काढणे हा अविवेक. दोहोंमधली रेषा फार बारीक असते.

६/ तरीही इतिहासाचा कौल दुर्लक्षिता येत नाही. १९५९ आणि १९६० अशी सलग दोन वर्षे जॅक ब्रॅबहॅम कूपरमधूनच जगज्जेता झाला. १९६१ पर्यंत खुद्द फेरारीनेही इंजिन चालकाच्या मागे नेले. बलाढ्याने दुबळ्याचा विचार उचलला, हाच त्या विचाराचा खरा विजय.

७/ मोठे इंजिन पैशाने मिळते. हलकी तरीही भक्कम चौकट मात्र विचारानेच घडवावी लागते. साधने तुटपुंजी असलेल्या नाशिकच्या तरुणांसाठी हलकेपणा ही तडजोड नाही, तेच त्यांचे भांडवल आहे. फक्त वेल्डिंगचा प्रत्येक सांधा तपासताना त्यांनी स्पाचे ते निखळलेले चाक विसरू नये.