परदेशी भागीदाराजवळ वकील आहे, आपल्याजवळ कोण आहे?

परदेशातून भांडवल आणणाऱ्याची आज आपल्या देशात चांगली बडदास्त ठेवली जाते. २००९ साली स्थापन झालेली इन्व्हेस्ट इंडिया ही संस्था त्याला कोणती परवानगी लागते, कंपनी कशी नोंदवावी, हे फी न घेता सांगते. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या वकिली पेढ्या त्याच्या दिमतीला असतात. याबद्दल आमची तक्रार नाही. परक्या मुलुखात पैसा घालणाऱ्याने कायदा विचारूनच पाऊल टाकावे.

प्रश्न आहे तो समोर बसलेल्या आपल्या माणसाचा. भिवंडी, मालेगावचा कारखानदार इंग्रजीत छापलेल्या करारनाम्यावर न वाचता सही करतो. दर ठरला, माल ठरला, जबान दिली; आता वकील मध्ये घातला तर समोरच्याला अविश्वास वाटेल, अशी त्याची समजूत. समोरच्याने मात्र तो करारनामा स्वतःच्या वकिलाकडूनच लिहून आणलेला असतो!

एका कलमाचे वजन किती असते ते टाटा-डोकोमो प्रकरणात दिसले. २००९ मध्ये जपानी कंपनीने टाटांच्या टेलिफोन धंद्यात पैसा घातला, तेव्हाच बाहेर पडताना निदान निम्मी किंमत मिळावी असे लिहून घेतले. धंदा बसला. रिझर्व्ह बँकेने त्या भावाला हरकत घेतली, तरी लंडनच्या लवादाने २०१६ मध्ये सुमारे ११७ कोटी डॉलरचा निवाडा दिला आणि २०१७ मध्ये दिल्ली हायकोर्टाने तो अमलात आणायला मान्यता दिली. टाटांना ते झेपले. शंभर मागांच्या मालकाला लंडनला वकील उभा करणेसुद्धा झेपणार नाही. म्हणून लवाद कुठे बसणार, ही ओळ भावाइतकीच घासाघीस करून ठरवावी. २०१६ पासून मुंबईतही आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे, तिथे बसवा म्हणावे.

दुसरी गोष्ट नाव आणि डिझाइनची. ब्रिटानियाचे ‘टायगर’ हे बिस्किटाचे नाव तिच्या फ्रेंच भागीदाराने, दानोनने, परदेशांत स्वतःच्या नावे नोंदवले आणि त्यावरून मोठा वाद झाला. २००९ मध्ये दानोन ब्रिटानियातून बाहेर पडली. पैठणी-हिमरूच्या आपल्या कारागिरांनी नमुने हाती देण्यापूर्वी याचा विचार करावा. करार मोडल्यावर नमुना कोणाचा, हे लिहिलेले नसेल तर तो ज्याने नोंदवला त्याचा होऊन बसतो.

कायद्याची बाजूही समजून घ्या. कापड तयार करण्याच्या धंद्यात परदेशी भांडवल १०० टक्क्यांपर्यंत सरकारची आधी मंजुरी न घेता येऊ शकते. (चीन, पाकिस्तान, बांगलादेश अशा सीमेलगतच्या देशांसाठी २०२० पासून नियम वेगळे आहेत.) पण पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात आणि दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेला एफसी-जीपीआर फॉर्मने कळवावे लागते. चुकले तर जाब इथल्या कंपनीला, म्हणजे आपल्याला विचारला जातो.

आखातातल्या नातेवाइकांच्या पैशाबाबत तर फार घोळ आहे. तिकडे राहणारा भारतीय भाऊ, पैसा परत नेणार नाही या अटीवर, आपल्या भागीदारी पेढीतही पैसे घालू शकतो; ती देशी गुंतवणूक समजली जाते. त्याचा अरब दोस्त मात्र रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीशिवाय पेढीत भागीदार होऊ शकत नाही. त्याच्यासाठी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढावी. दोघांचाही पैसा बँकेतूनच आला पाहिजे. हवाल्याने आलेली रक्कम भांडवल म्हणून कुठल्याच वहीत दाखवता येत नाही, मग नाते कितीही जवळचे असो.

एकट्या कारखानदाराला चांगल्या वकिलाची फी परवडत नाही, हे खरे आहे. पण यंत्रमागधारकांच्या संघटना आहेत, त्या वीजदरासाठी मोर्चे काढतात, सत्कार समारंभ करतात. त्यांनीच वर्गणीतून एक वकील आणि एक चार्टर्ड अकाउंटंट वर्षाच्या फीवर ठेवावा, करारनामा मराठी-उर्दूत समजावून सांगणारा. सभासदाने सहीपूर्वी कागद तिथे दाखवावा. पुढच्या वार्षिक सभेत हा ठराव कोणीतरी मांडावा.